सात वर्षे टिकणारी बिअर आणि उतावळा थ्रेल

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर, सदर्क या गजबजलेल्या वस्तीत, अठराव्या शतकात अँकर ब्रुअरी नावाचा बिअरचा मोठा कारखाना होता. तेथील गडद, कडक पोर्टर बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला जाई आणि सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारापर्यंत पोहोचे. आज जगभर ‘इम्पीरियल स्टाउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिअरचे मूळ याच व्यापारात सापडते. कारखान्याचा धनी होता हेन्री थ्रेल. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो कोशकार सॅम्युएल जॉन्सनचा यजमान म्हणून परिचित असला, तरी त्याच्या आयुष्याचे खरे नाट्य पिंपांभोवतीच घडले.

ही बिअर मुळात घाईची नव्हे. मोड आणून भाजलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, नेहमीपेक्षा कितीतरी अधिक घ्यायचा, हॉप्सची कडू फुले सढळ हाताने घालायची आणि आंबवून झालेली बिअर महिनोन्‌महिने मुरू द्यायची. अधिक माल्टमुळे साखर वाढते, साखरेमुळे मद्यार्क. आणि मद्यार्क व हॉप्स मिळून बिअर नासू देत नाहीत. लांबच्या सागरी प्रवासाला ती चाले, ती यामुळेच. आजही जाणकार ती बर्फगार करून घटाघट पीत नाहीत. लहान पेल्यात थोडीशीच ओतून आधी वास घेतात. कॉफीचा, गडद चॉकलेटचा, मनुकांचा, कधी काकवीसारखा गंध येतो. घोट जिभेवर दाट लागतो. गोडव्यामागून भाजल्याचा कडवटपणा येतो आणि शेवटी घशात मद्यार्काची ऊब उरते. पेला हातात कोमट होऊ लागला की चव आणखी उलगडते. थ्रेलची बिअर हुबेहूब अशी नसावी, कारण पार काळा भाजलेला माल्ट डॅनियल व्हीलरच्या १८१७ च्या पेटंटनंतरचा. त्यापूर्वी तपकिरी माल्टवरच भागत असे. मुरण्याचा नियम मात्र तेव्हाही तोच होता.

थ्रेलच्या स्वभावात नेमके हे थांबणे नव्हते. वडील राल्फ यांनी कष्टाने विकत घेतलेला कारखाना १७५८ मध्ये त्याच्या हाती आला. ऑक्सफर्डचे शिक्षण, १७६३ मध्ये बुद्धिमान हेस्टरशी विवाह, १७६५ मध्ये सदर्कमधून पार्लमेंटवर निवड. सारे सुरळीत चालले होते. त्याच वर्षी जॉन्सनशी ओळख झाली आणि पुढे स्ट्रेटमच्या बंगल्यात त्याच्यासाठी स्वतंत्र खोली राखली गेली. पण व्हिटब्रेड आणि कॅल्व्हर्ट या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकण्याच्या ध्यासाने थ्रेलला ग्रासले होते.

हंफ्री जॅक्सन नावाच्या रसायनतज्ज्ञाने माल्ट आणि हॉप्सशिवाय बिअर बनवण्याची युक्ती सांगितली व थ्रेल तिला भुलला. माल गेला, पैसाही गेला. त्यातच १७७२ च्या जूनमध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या आणि बुडण्याची वेळ आली. देणे सुमारे १,३०,००० पौंडांचे होते. थ्रेल खचून बसला. कारखाना वाचवला तो हेस्टरने. गरोदर असूनही तिने आईची शिल्लक मागितली, स्नेह्यांकडून कर्जे उभी केली, चिडलेल्या कामगारांची समजूत काढली. मुख्य कारकून जॉन पर्किन्स तिच्या पाठीशी होता, जॉन्सनचा सल्लाही होता. त्या सप्टेंबरात जन्मलेली मुलगी काही तासांतच दगावली. कारखान्याच्या इतिहासात हेस्टरचे नाव मालकाच्या बरोबरीने लिहायला हवे होते.

एवढे होऊनही थ्रेल शहाणा झाला नाही. पुन्हा अवाच्या सवा उत्पादन सुरू झाले, तेव्हा १७७८ मध्ये पत्नीने आणि जॉन्सनने त्याच्याकडून वर्षाला ८०,००० पिंपांपेक्षा अधिक न बनवण्याचे वचन घेतले. नऊ वर्षांचा एकुलता वारस त्याआधीच, १७७६ मध्ये, गेला होता. १७७९ पासून थ्रेलला मेंदूच्या आघाताचे झटके येऊ लागले. वैद्यांनी जेवण आवरायला सांगितले. त्याने ते कधीच मनावर घेतले नाही. १७८० च्या जूनमध्ये गॉर्डन दंगलीतला जमाव कारखान्यावर चालून आला, तेव्हा पर्किन्सने खाणे आणि बिअर देऊन त्याला सैन्य येईपर्यंत थोपवून धरले. ४ एप्रिल १७८१ रोजी थ्रेल मरण पावला.

मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांत जॉन्सन होता. कोशकाराला कारखान्याच्या हिशेबांत धावपळ करताना पाहून अनेकांना गंमत वाटली. अखेर १,३५,००० पौंडांना बार्कले कुटुंबीय, त्यांचा आप्त सिल्व्हानस बेव्हन व पर्किन्स यांनी मिळून कारखाना घेतला. त्याच परंपरेतील रशियन स्टाउट पुढे करेज कंपनीकडे गेली आणि १९९३ पर्यंत निघत राहिली.

१७९६ मध्ये जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराने एका परिचिताकडे या कारखान्याची पोर्टर चाखली. ती खास रशियाच्या सम्राज्ञीसाठी बनवलेली असून सात वर्षे टिकते, असे त्याला सांगण्यात आले, आणि त्याने ते रोजनिशीत टिपून ठेवले. मालक जाऊन पंधरा वर्षे लोटली होती, दारावरचे नावही बदलले होते. तरी फॅरिंग्टनच्या नोंदीत कारखाना थ्रेलचाच होता.