राजाचा नातू, त्याचे पाय आणि एक डायरी

कोरेगावच्या लढाईसाठी इंग्रजांची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आमच्या शिरूरच्या छावणीतून निघाली होती, हे आपल्या भागात बहुतेकांना माहीत असतं. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता. हा लेख त्याच्या एका नातवाबद्दल आहे. नातवाचा शिरूरशी संबंध शून्य. माझ्याशी मात्र आहे, कारण त्याला जो आजार होता तोच मला आहे.

नाव ऑगस्टस देस्ते. जन्म जानेवारी १७९४. वडील राजाचे चिरंजीव, पण त्यांनी राजाची परवानगी न घेता रोममध्ये लग्न केलं होतं. राजघराण्याच्या कायद्याने ते लग्न त्याच वर्षी रद्द ठरवलं, आणि काही महिन्यांचं पोर कागदोपत्री अनौरस झालं. पुढे ऑगस्टस सैन्यात गेला. आपला हक्क मिळावा म्हणून त्याने वर्षानुवर्षं खटपट केली आणि १८४४ साली निकाल विरुद्ध गेला. हे सगळं एखाद्या सिरियलला पुरेल एवढं आहे. पण आज त्याचं नाव जगभरच्या मेंदूविकार तज्ज्ञांना माहीत आहे ते त्याच्या डायरीमुळे.

डायरीतली गोष्ट सुरू होते डिसेंबर १८२२ मध्ये. वय २८. एका जिवलग नातेवाइकाला भेटायला तो स्कॉटलंडला गेला, तर तो माणूस नुकताच वारलेला. अंत्यविधीनंतर लगेच ऑगस्टसला धूसर दिसायला लागलं. आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ आली. मग काही उपचार न करताच डोळे ठीक झाले. साहजिकच त्याला वाटलं, संपलं.

१८२७ च्या शेवटी तो इटलीत फ्लॉरेन्सला होता. आधी एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. डॉक्टरांनी जळवा लावल्या, रक्त काढलं. डोळे सुधारले आणि पाय गेले. एकदम नाही, रोज थोडेथोडे. पाठीच्या खालच्या भागाला बधिरपणा आला. एका दिवशी तो दोनदा जमिनीवर पडला आणि नोकराने उचललं. अशा अवस्थेत तीनएक आठवडे गेले. मग नोकरांकडून पाय चोळून घेणं, दिवसातून दोनदा मांसाहार आणि वर चांगली वाइन, असा इलाज सुरू झाला (आमच्या आज्जीला यातलं पहिलंच पसंत पडलं). हळूहळू ताकद परत आली. पूर्ण मात्र नाही.

हे वाचताना मला दौंड आठवलं. माझं आजोळ तिथलं. सेकंड इयरच्या सुट्टीत मामाकडे निघालो होतो, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना उजवा पाय उचलेचना. दुखत नव्हतं काही. वरून ऑर्डर सुटतेय पण खाली पोचत नाही, असं काहीतरी. मामाने जवळजवळ उचलूनच खाली आणलं. आठवड्याने एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव कळलं.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हा आजार लवकर समजतो. नसा म्हणजे वायरी, आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं इन्सुलेशन असतं. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा ते कुरतडते. मग सिग्नल हळू जातो किंवा जातच नाही. जिथे कुरतडलं त्यावर ठरतं, कधी डोळा, कधी पाय. सूज ओसरली की बरंच काही परत येतं, म्हणून दोन अॅटॅकच्या मध्ये माणूस ठणठणीत दिसतो आणि मित्र म्हणतात नाटक करतोय. उन्हाने अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. मे महिन्यातलं दौंड ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

आता पाय अचानक गळाले तर काय करायचं ते ठरलेलं आहे. अशक्तपणा चोवीस तासांच्या वर टिकला की डॉक्टरांना फोन. ते आधी ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना ते बघतात, कारण त्यानेही पाय तसेच होतात. खरा अॅटॅक असेल तर तीन ते पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉईड, मग फिजिओथेरपी. स्टेरॉईडने अॅटॅक लवकर ओसरतो, आजार जात नाही. पुढचे अॅटॅक कमी व्हावेत म्हणून वेगळी औषधं आहेत. बाकी घरगुती: जिन्याला कठडा, बाथरूममध्ये स्टूल, आणि काठीची लाज न बाळगणं. शेवटचं सगळ्यात अवघड.

ऑगस्टसकडे यातलं काही नव्हतं. आजाराला नावसुद्धा नव्हतं. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने तो नीट वेगळा ओळखून मांडला १८६८ साली. देस्तेने औषधी पाण्याची स्नानं केली, विजेचे उपचार घेतले, घोड्यावर बसला. कशानेच कायमचा फरक पडला नाही. पण तो लिहीत राहिला. काय झालं, कधी झालं, चालताना कशाचा आधार लागला. लॅबमध्ये रीडिंग घेतात तसं. फरक इतकाच की आपण रीडिंग शेजारच्याचं उतरवतो. याच काळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठीही तो झटत होता. १८४३ मध्ये चक्करीचा जोरदार झटका आला, त्यानंतर चालणं खालावत गेलं. काठ्या, मग चाकाची खुर्ची. डिसेंबर १८४८ मध्ये, ५४ व्या वर्षी तो वारला.

डायरी पुढे जवळपास शंभर वर्षं कुणी उघडली नाही. १९४१ साली ती रद्दीच्या ढिगात सापडली. डग्लस फर्थ यांनी ती अभ्यासून १९४८ मध्ये पुस्तक छापलं. धूसर दिसणं, बरं होणं, दोन-दोन दिसणं, पाय जाणं, परत येणं, हा सगळा क्रम तारखांसकट त्यात होता, त्यामुळे रोग्याला न तपासताही निदान करता आलं. या आजाराची एखाद्या रोग्याने स्वतः लिहिलेली इतकी सविस्तर हकिगत त्याआधीची दुसरी माहीत नाही.