गुलाम ते राज्यकर्ता : मलिक अंबर

चाकणहून नाशिक हायवेने पुढे जाऊन नारायणगावला वळलं की जुन्नर येतं. शिवनेरीच्या ट्रेकला आपण तिथे जातोच. पण 1607 च्या सुमारास हेच जुन्नर निजामशाहीची राजधानी होतं, आणि तिथला कारभार ज्याच्या हातात होता तो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याचं नाव मलिक अंबर!

अंबरचा जन्म साधारण 1548 चा, इथिओपियातला. मालक बदलत बदलत तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. अहमदनगरचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतलं. विशेष म्हणजे हा चंगीझ खानही एकेकाळी हबशी गुलामच होता! कारभार आणि लष्कर अंबर त्याच्याकडेच शिकला. मालक वारल्यावर तो मुक्त झाला.

इथे अमेरिकेची आठवण येते. 1739 मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. तिथे गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम असायचं, सुटकेचा रस्ता जवळपास नव्हताच. उठाव चिरडला गेला आणि 1740 च्या कायद्याने गुलामांचं एकत्र जमणं, लिहायला शिकणंसुद्धा बंद केलं. आपल्याकडे सुलतानांना लढणारी माणसं हवी होती, म्हणून गुलामाच्या हातात तलवार आली आणि वर चढायला वाट मिळाली. अर्थात इथली गुलामी चांगली होती असं अजिबात नाही. एका अंबरमागे नावही न उरलेले कितीतरी जण होते.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. अंबरने हार मानली नाही. त्याने निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवला, मराठा घोडेस्वार जमवले आणि गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं. जहांगीर बादशहाला तो शेवटपर्यंत सापडला नाही. 1624 मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते.

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी हवं म्हणून नहर-ए-अंबरी बांधली. पंप नाही, मोटर नाही, फक्त जमिनीखालचा नळ आणि अचूक उतार! जमिनीची प्रत पाहून शेतसारा ठरवायची त्याची पद्धतही खूप गाजली.

1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच्यानंतर दहाच वर्षांत, 1636 मध्ये, निजामशाही संपली.

मला वाटतं, स्टोनोच्या त्या शेतांमध्येही एखादा अंबर असणारच. फरक हुशारीचा नव्हता, संधीचा होता. पुढच्या ट्रिपला संभाजीनगरला गेलात तर नुसती पाणचक्की बघून परत फिरू नका, नहरीचीही चौकशी करा!