मूठभर भिजलेले धान्य

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? कोणी त्यांना संस्कृत विदुषी म्हणून ओळखते, कोणी विधवांची कैवारी म्हणून, तर कोणाला फक्त त्यांचे धर्मांतर तेवढे आठवते. आपल्या मंडळात हिंदू भगिनी आहेत तशा ख्रिस्ती भगिनीही आहेत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी रमाबाईंचेच चरित्र निवडले. मात्र त्यांच्या पांडित्याबद्दल मला फारसे सांगावयाचे नाही. ताटातली भाकरी, अंगावरचे पांघरूण, डोक्यावरचे छप्पर ह्या गोष्टींबद्दल त्या देवाचे उपकार मानीत. ते का मानीत, हे त्यांचे लहानपण जाणून घेतल्याशिवाय समजावयाचे नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला व रानात आश्रम बांधून राहावे लागले. पुढे तो संसारही मोडला आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगावे, जे मिळेल त्यात गुजराण करावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. हाती होते ते शास्त्रीबोवांनी दानधर्मात खर्चून टाकले होते.

अशात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. भांडी गेली, वस्त्रे गेली. अंगमेहनत करणे कुळाला कमीपणा आणणारे आणि भीक मागण्यास जीभ रेटेना. मूठभर धान्य पाण्यात भिजवून चिमूटभर मिठाबरोबर खावे, तेही संपले तेव्हा रानातली बोरे आठळ्यांसकट गिळावी, असे दिवस आले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरले भाऊ श्रीनिवास पुढे झाले. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करीन, असे त्यांनी सांगितले म्हणून तो बेत राहिला. पण थोड्याच दिवसांत उपासमारीने वडील गेले. ही गोष्ट १८७४ च्या सुमाराची. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

काही आठवड्यांनी आईही अंथरुणाला खिळली. तिने खावयास मागितले. रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे भरून आले. त्या घरच्या बाईने न सांगता ओळखले व बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो आईला गिळवला नाही. ती गेल्यावर खांदा द्यायला माणसे मिळेनात. मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरे भाऊ, आणि चौथ्या रमाबाई. उंची इतकी कमी की खांद्यावर घेतल्यास तिरडी कलती होई, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. भगिनींनो, हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, पण प्रत्येक वेळी पुस्तक क्षणभर खाली ठेवावे लागते.

बहीणही पुढे पटकीने गेली. उरलेली ती दोघे भावंडे पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी, आणि अंगावर पुरेसे वस्त्र नाही. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. पुढे ख्रिस्ती झाल्यावर ह्या दिवसांकडे वळून पाहताना, देवाने आपल्याला राखले, असेच रमाबाई म्हणत. मला हे सहजासहजी पटत नसे. आईबाप, बहीण गेली, मग राखले ते काय? पण वाळूच्या खड्ड्यातून सकाळी जिवंत उठलेल्या मुलीने ते म्हणावे आणि आपण घरात बसून शंका काढावी, ह्यात काही मेळ नाही.

त्यानंतरची वर्षे भराभर सांगते. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांच्या सभेने त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले, आणि मांडीवर वर्षाच्या आतली मनोरमा. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली डॉक्टरी शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या, पण कानांनी दगा दिल्यामुळे तो विचार सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथे विधवांसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. आपल्या कर्वे अण्णांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, ह्याच सदनातल्या विद्यार्थिनी. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा झाला, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते ह्यावर आपल्याकडे अजूनही दोन मते आहेत, आणि ती राहोत.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ती बातमी वाचून रमाबाईंना घरी बसवेना. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. स्वतः तेथे जाऊन त्यांनी हाडांची काडे झालेल्या मुली व बाया आणल्या. होता होता संख्या सुमारे तीनशेवर गेली. इकडे पुण्यात प्लेग. शहरात इतकी माणसे ठेवण्यास सरकारची मनाई झाली, तेव्हा केडगावच्या माळावर फळबागेसाठी घेतलेल्या शंभर एकरांच्या जमिनीत छपरे उभी राहिली. त्याच जागेचे नाव पुढे मुक्ती झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आपल्या घरी चार पाहुणे वाढले तरी आपली त्रेधा उडते. रमाबाईंनी दोन हजारांचे रांधणे, दळणे, पाणी ओढणे, आजारपण हे सगळे त्याच मुलींच्या हातून करविले. विहिरी खणविल्या, माग लावले, तेलाची घाणी चालविली, छापखाना काढला. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या, त्यांनी आंधळ्या मुलींना वाचावयास शिकविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निराळे होते. उद्याच्या धान्याची सोय नसली तरी रमाबाई प्रार्थनेला बसत, पण प्रार्थना झाली की पदर खोचून हिशेबाच्या वहीकडे वळत. त्यांची उपकारस्तुती ही अशी होती. स्वतः त्या पांढरे लुगडे नेसत आणि शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, साध्या बायकांना कळावे म्हणून. त्याचे खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. सारा भार ज्या लेकीवर टाकायचा तीच पुढे गेली. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली, तरी रमाबाई भाषांतराच्या कामावर बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला.