साक्षीदार आणि विद्यार्थी

भोंगा, हजेरी, पाळी, पगारपत्रक हे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील घराघरांतले शब्द होत. येथे कारखाना हा अन्नदाता आहे. पण अशीच हजेरी आणि असाच चोख हिशेब ठेवून माणसे संपविणारा कारखानाही विसाव्या शतकाने पाहिला. त्यातून वाचलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने ती हकीकत तरुणांना सांगणे हे आयुष्यभराचे कर्तव्य मानले. त्यांचे नाव प्रिमो लेव्ही.

इटलीतील तुरिन शहरी एका ज्यू कुटुंबात ३१ जुलै १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले. आधीच प्रवेश घेतलेला असल्याने लेव्हींना शिक्षण पुरे करता आले. १९४१ साली उत्तम गुणांनी पदवीही मिळाली. परंतु पदवीपत्रावर ज्यू वंशाचा हा शिक्का होताच. डिसेंबर १९४३ मध्ये डोंगरातील प्रतिकारकांबरोबर ते पकडले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये साडेसहाशे माणसे भरलेल्या आगगाडीने त्यांना ऑश्विट्झला नेले. तेथे नाव संपले आणि डाव्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला.

मोनोविट्झच्या छावणीतील कैद्यांकडून आय. जी. फार्बेन ही बलाढ्य कंपनी कृत्रिम रबराचा कारखाना उभारून घेत होती. कुशल कैद्यामागे रोजचे चार मार्क आणि अकुशलामागे तीन, असा दर ठरला होता. ही रक्कम छावणी चालविणाऱ्या नाझी संघटनेच्या तिजोरीत जाई. राबणाऱ्याला कवडीही मिळत नसे. उपासमारीने बहुतेक जण काही महिन्यांतच मरत, आणि त्यांच्या जागी नवे आणले जात. हिशेब चोख होता; त्यात माणूस तेवढा नव्हता. त्या कारखान्यातून रबर मात्र कधीच निघाले नाही.

लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी कित्येक महिने चोरून सूप आणि पाव देत राहिला. अखेरच्या काळात लेव्हींना प्रयोगशाळेत काम मिळाले. शेवटी आजारपणामुळे ते मागे राहिले आणि म्हणून जीवघेण्या पायपिटीतून वाचले. २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन फौजा आल्या. त्या गाडीतल्या साडेसहाशेंपैकी सुमारे वीसच परतले.

१९४७ साली त्यांनी छावणीची हकीकत प्रसिद्ध केली. मोठ्या प्रकाशकाने ती नाकारली होती. छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. १९५८ च्या पुनर्मुद्रणानंतर जगाचे लक्ष तिकडे गेले. या सर्व काळात लेव्ही तुरिनजवळच्या रंगाच्या कारखान्यात नोकरी करीत होते, आणि सवड काढून शाळांत जात होते. अशा शंभराहून अधिक शाळांत ते गेले. तेथे त्यांनी ना आक्रोश केला, ना सूडाची भाषा वापरली. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे; न्याय ऐकणाऱ्याने करावा, ही त्यांची भूमिका होती. पळून का गेला नाहीत, बंड का केले नाही, जर्मनांना हे ठाऊक नव्हते काय, असे प्रश्न मुले पुन्हा पुन्हा विचारीत. १९७६ च्या शालेय आवृत्तीला त्यांनी या प्रश्नांची उत्तरेच जोडली. एका मुलाने तर फळ्यावर छावणीचा नकाशा काढवून घेतला, पहारेकऱ्याला मारून वीज तोडण्याची योजना समजावली आणि पुढच्या वेळी तसेच करण्याचा सल्ला दिला. लेव्ही त्याच्यावर रागावले नाहीत. पण सांगितलेले आणि समजलेले यांत केवढी दरी पडत आहे, हे त्यांनी ओळखले. १९८६ च्या पुस्तकात हीच चिंता आहे. ११ एप्रिल १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली. दोन्ही आपत्ती एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु साक्षीदार संपत चालल्याची अडचण दोहोंकडे सारखीच आहे. १९४७ साली दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. लेव्हींना सांगता आले, कारण विचारणारे वर्ग होते. पिंपरीतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा आजी-आजोबांकडे पाठवावे, आणि विद्यार्थ्यांनी भाबडे वाटले तरी प्रश्न विचारावेत. भाबड्या प्रश्नाचे उत्तर देता येते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र साक्षीदाराबरोबरच जाते.