आजचं चिंतन : चोखोबांच्या अस्थी


आपल्या जुळे सोलापुरातून मंगळवेढा तास-दीड तासावर. 1338 साली तिथे गावकुसाची भिंत बांधताना कोसळली आणि संत चोखामेळा तिच्याखाली गेले. मागे पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा.

परंपरा सांगते, नामदेव महाराज पंढरपुराहून तिथे आले. ढिगाऱ्यात कितीतरी मजुरांची हाडं मिसळलेली. ते एकेक हाड कानाला लावत गेले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरीला नेऊन त्यांनी महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना देवळात येऊ दिलं नाही, त्यांच्यापुढे आज वारकरी वाकतात.

आपलं माणूस गेलं की लोक म्हणतात, सावर, विसर आता. नामदेवांनी विसरायची घाई केली नाही. हाताला जमेल ते एक काम शेवटपर्यंत केलं.

घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल, तर आज त्यांचं राहिलेलं एखादं छोटं काम हातात घ्या. तोंडाने नाम असू द्या. मधेच रडू आलं तर येऊ द्या, विठोबाला ते चालतं.

जय हरी विठ्ठल 🙏