हृदयरोपणाची वाट दाखविणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. भारतातील पहिले हृदयरोपण तेथेच झाले. ते करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ सालचा. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले व पुढे तेथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

डिसेंबर १९६७ मध्ये केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावर जगातील पहिले हृदयरोपण केले. नवे हृदय चालू लागले. पण रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने दगावला. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची रोगप्रतिकारशक्तीच क्षीण झाली होती.

हा धोका ठाऊक असूनही डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हे धाडस केले. प्राण्यांवरील प्रयोगांचा अनुभव पाठीशी होता; तरीही रुग्ण काही तासांतच वारला. अपयश आले, पण वाट खुली झाली. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले.

आज औषधे सुधारली आहेत. मात्र ती जन्मभर घ्यावी लागतात, म्हणून न्यूमोनियाचे भय कायम राहते. आपल्या गल्लीत कोणाचे मूत्रपिंड किंवा हृदय बदललेले असेल, तर सर्दी-खोकला असताना त्यांना भेटायला जाऊ नका. आपला साधा खोकला त्यांच्या जिवावर बेतू शकतो.