छांदिष्टपणाचा जमाखर्च

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड आठवतात आणि लगोलग त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सुरू होतात. खंडांचा गौरव करावयाचा आणि स्वभावावर हसावयाचे, ही आपली जुनी रीत. परंतु त्या स्वभावावाचून ते खंड निर्माण झाले असते काय, याचा विचार क्वचितच होतो.

१८६३ साली जन्मलेले राजवाडे डेक्कन कॉलेजचे पदवीधर होते. स्थिर नोकरी करून सुखाने संसार करणे त्यांना अशक्य नव्हते. पत्नी अकाली निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वाईस पानिपतकालीन पत्रांचे दप्तर हाती आले, १८९८ साली पहिला खंड निघाला आणि जुन्या कागदांचा ध्यास त्यांना कायमचा जडला. गावोगाव हिंडावे, हाताने रांधून खावे, माळ्यावरची गाठोडी सोडवावीत, हाच त्यांचा जीवनक्रम झाला.

भोरच्या परिसरातील रोहिडखोऱ्याचे नाव या मालेच्या १५व्या खंडाशी निगडित आहे. तेथील देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना लिहिलेले, १६४५ सालचे म्हणून प्रसिद्ध असलेले शिवाजी महाराजांचे पत्र त्यात छापलेले आहे. त्याच्या विश्वसनीयतेवर पुढे वाद झाले; पण वाद घालण्यासाठी तरी कागद उरावा लागतो. दप्तरे दाखविण्यास अनेक घराणी नाखूष असत. तो निव्वळ अडाणीपणा नव्हता. राजवाड्यांना जो इतिहास होता, तो त्या घरांना वतनाचा पुरावा होता. कागद गेला तर हक्क जाईल, ही भीती व्यवहारी होती.

लोकांना आपले वेड उमगत नाही, यावर राजवाड्यांनी दोन उपाय योजले. गरजा इतक्या कमी केल्या की कोणाच्या मर्जीवर राहावे लागू नये. आणि ध्यासाला शिस्त लावली. नक्कल, कालनिर्णय, प्रस्तावना, छपाई या क्रमाने गाठोड्याचा ग्रंथ होई. १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. परंतु तेथेही मतभेद झाले आणि ते धुळ्यास गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. जमेच्या बाजूस २२ खंड असले तरी खर्चाच्या बाजूस तुटलेले स्नेह मांडावेच लागतात.

येथे एक भेद केलाच पाहिजे. कुलूप दहादा तपासणे, हात पुन्हा पुन्हा धुणे, नको असूनही तेच करीत राहणे हा मनाचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. राजवाड्यांना असा रोगी ठरविण्यास आधार नाही. पण अशा रोग्याला छांदिष्ट म्हणून हिणविणे हा अन्याय आहे. ध्यास माणसाला कामाकडे नेतो, आजार त्याला कामापासून ओढतो. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच हास्यास्पद दिसतात, आणि हसणाऱ्याला भेद करण्याची निकड वाटत नाही.

ज्या घरांनी अखेर दप्तरे उघडली, त्यांतील कितीकांना राजवाड्यांचे शास्त्र कळले असेल? फार थोड्यांना. तरीही त्यांनी विश्वास टाकला आणि कागद वाचले. दुसऱ्याची ओढ संपूर्ण समजल्यावाचून तिला साह्य करता येत नाही, हा समज रोहिडखोऱ्यातील त्या कागदांनीच खोटा ठरविला आहे.